आत्मन्, आत्मा, आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'आपण' हा शब्द 'आत्मा'पासून आला हे खरं का? ओढूनताणून जुळवल्यासारखं वाटतं.

खरं आहे. मराठीतल्या ज्या थोड्या व्युत्पत्तींवर फारसा वाद उरलेला नाही, त्यांतली ही एक. संस्कृतातलं मूळ प्रातिपदिक (विभक्ती लागण्याआधीचं रूप) 'आत्मन्'. त्याच्या 'आत्मनः', 'आत्मना' या विभक्तिरूपांची प्राकृतात 'अप्पणो', 'अप्पणा' अशी रूपं झाली, आणि तिथून 'आपण' एका पावलावर आहे. हिंदीतलं 'आप' आणि 'अपना', गुजरातीतलं 'आपणे', बंगालीतलं 'आपनि', ओडियातलं 'आपण', असमियातलं 'आपुनि', पंजाबीतलं 'आपां', नेपाळीतलं 'आफू' आणि 'आफ्नो', सिंधीतलं 'पाण', काश्मिरीतलं 'पान' आणि 'पनुन' ही सगळी एकाच घरची मंडळी.

ओढूनताणून वाटतं त्याचं कारण वेगळं आहे. 'आत्मा' म्हटलं की आपल्याला उपनिषदं आठवतात आणि 'आपण' म्हटलं की 'आपण चहा घेऊया' आठवतं. पण 'आत्मन्' हा शब्द संस्कृतातच दोन कामं करत होता: तत्त्वज्ञानातलं आणि व्याकरणातलं. लोकांच्या तोंडी टिकलं ते दुसरं.

'त्म'चा 'प' कसा काय होतो? दोन्हींचा आवाज तर अगदी वेगळा.

उच्चार करून पाहा. 'त्' म्हणताना जीभ दातांना टेकते आणि हवा अडते. लगेच 'म्' म्हणायला ओठ मिटतात. 'त्'मध्ये स्फोट आहे पण ओठ नाहीत, 'म्'मध्ये ओठ आहेत पण हवा नाकातून जाते. दोन्ही एकदम उरकायचं म्हटलं की ओठांनी केलेला स्फोट उरतो, म्हणजेच 'प'.

हे नुसतं तर्काचं गणित नाही. मधली पायरी दगडावर कोरलेली सापडते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या गिरनार इथल्या बाराव्या शिलालेखात 'आत्पपासंड' असा शब्द आहे, म्हणजे 'आपला स्वतःचा पंथ'. (तिथे 'पासंड' हा शब्द अजून शिवी झालेला नाही.) 'आत्म' आणि 'अप्प' यांच्या बरोबर मधोमध 'आत्प'. त्याच गिरनारला 'चत्वारः'ऐवजी 'चत्पारो' आहे, म्हणजे 'त्व'चंही तेच झालं. उत्तरेकडे कालसीच्या लेखात मात्र त्याच जागी 'अत-' असं 'त'वालं रूप दिसतं. अर्थात दोन वाटा तेव्हाच फुटल्या होत्या: एक 'अत्त'ची, एक 'अप्प'ची.

पालीने 'अत्ता' उचललं. 'अत्ता हि अत्तनो नाथो', आपणच आपला स्वामी, ही धम्मपदातली ओळ प्रसिद्ध आहे. बुद्धाच्या शिकवणीतला 'अनत्ता'ही त्याच शब्दाचा नकार. जैनांच्या अर्धमागधीत मात्र 'अप्पा' दिसतं: 'अप्पा कत्ता विकत्ता य', सुखदुःखाचा कर्ता आत्माच. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिताना दोन्ही रूपांची नोंद एका सूत्रात केली: 'भस्मात्मनोः पो वा'. 'भस्म' आणि 'आत्मन्' या शब्दांत जोडाक्षराचा 'प' होतो, पण विकल्पाने. त्यातला 'वा' महत्त्वाचा. पुढे आधुनिक भाषांत हा विकल्प उरला नाही. पूर्वेकडच्या बंगालीपासून पश्चिमेच्या सिंधीपर्यंत 'प'ची सरशी झाली.

जाता जाता: मराठीतला 'पण' हा प्रत्यय (मोठेपण, शहाणपण, माणूसपण) याच ध्वनिबदलाचं दुसरं अपत्य आहे. वैदिक '-त्वन' या प्रत्ययाचं अपभ्रंशात, म्हणजे प्राकृतानंतरच्या भाषेत, '-प्पण' झालं. तेव्हा 'आपलेपण' या शब्दात 'त'चा 'प' दोनदा झालेला आहे, एकदा 'त्म'मधून आणि एकदा 'त्व'मधून.

मग 'आपण'मधला 'आ' थेट 'आत्मा'मधून आला का?

दिसतं तसं, पण नाही. प्राकृतात जोडाक्षराआधी दीर्घ स्वर चालत नसे, म्हणून 'आत्मा'चा 'आ' ऱ्हस्व होऊन 'अप्पा' झालं. नंतर मराठीसारख्या भाषांनी द्वित्व (दुहेरी व्यंजन) सोडलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर पुन्हा लांबवला: 'अप्प'चा 'आप'. सप्तचा सत्त आणि मग सात, अष्टचा अट्ठ आणि मग आठ, हस्तचा हत्थ आणि मग हात, हीच चाल. म्हणजे 'आ' एकदा गेला आणि हजार-दीड हजार वर्षांनी नव्याने आला.

मूळ संस्कृत शब्दाचा धातू कोणता?

भारतीय परंपरेत याची एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात, 'आत्मा अततेर्वा आप्तेर्वा' असं म्हटलंय: एक तर 'अत्' म्हणजे सतत चालणं, किंवा 'आप्' म्हणजे व्यापणं, पोचणं. उणादिसूत्रांनी (धातूंपासून शब्द घडवण्याच्या जुन्या सूत्रांनी) 'अत्' घेतला आणि त्याला मनिण् हा प्रत्यय लावून 'आत्मन्' सिद्ध केला. यास्काचा 'वा' मला आवडतो. दोन शक्यता दिसल्या तर तो दोन्ही सांगतो, एकीचा हट्ट धरत नाही.

तौलनिक भाषाशास्त्र तिसरीकडे बोट दाखवतं: श्वास. जर्मन भाषेत श्वासाला 'आटेम' म्हणतात आणि हे दोन्ही शब्द एकाच आद्य भारत-युरोपीय मुळाकडे नेता येतात. ऋग्वेदातला वापर या मताला बळ देतो. दहाव्या मंडलातल्या अंत्यसंस्काराच्या सूक्तात मृताला उद्देशून म्हटलंय: 'सूर्यं चक्षुर्गच्छतु वातमात्मा'. डोळा सूर्याकडे जावो, आत्मा वाऱ्याकडे. इथे 'आत्मा' हा उपनिषदातला अजर-अमर आत्मा नाही, तो प्राणवायू आहे. वाऱ्याचा होता, वाऱ्यात मिसळला. श्वास, मग जीव, मग शरीर किंवा देह, मग 'स्वतः', आणि शेवटी ब्रह्माशी एकरूप असलेलं तत्त्व, असा अर्थाचा प्रवास आहे. त्यातले बरेच अर्थ एकाच काळात शेजारी शेजारीही नांदले.

ऋग्वेदात याचं आखूड रूपही आहे: 'त्मन्'. त्याचं तृतीयेचं 'त्मना' जवळजवळ क्रियाविशेषणासारखं, 'आपण होऊन' अशा अर्थाने येतं. पाणिनीने 'मन्त्रेष्वाङ्यादेरात्मनः' या सूत्रात या लोपाची दखल घेतली आहे.

'ॲटम' आणि 'ॲटमॉस्फिअर' हे शब्द 'आत्मा'वरून आले असं वाचलं. बरोबर?

'ॲटम' मुळीच नाही. तो ग्रीक 'अ' (नकार) आणि 'कापणे' या अर्थाचा धातू मिळून झालेला: ज्याचे तुकडे होत नाहीत तो. 'ॲटमॉस्फिअर'मधला ग्रीक 'आत्मॉस' म्हणजे वाफ. अर्थ जवळचा वाटतो, पण त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक वेगळं मानतात. अर्थ आणि आवाज दोन्ही जुळले म्हणजे नातं जुळलं, असं नसतं.

संस्कृतात 'आत्मन्' सर्वनामासारखा वापरत होते याला पुरावा काय?

भगवद्गीतेतला सहाव्या अध्यायातला श्लोक घ्या: 'उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत्'. इथल्या 'आत्मना आत्मानम्'चा अर्थ आधी साधा व्याकरणाचा आहे: स्वतः स्वतःला वर काढावं. त्यावर भाष्यकारांनी पुढचं तत्त्वज्ञान उभारलं.

पण याहून बोलका पुरावा कालिदासाचा. रघुवंशाच्या दहाव्या सर्गात दशरथाच्या गरोदर राण्यांना स्वप्नं पडतात: 'गुप्तं ददृशुरात्मानं सर्वाः स्वप्नेषु वामनैः'. सगळ्या राण्यांनी स्वप्नात पाहिलं, की वामनाकृती पुरुष आपलं रक्षण करताहेत. कर्ता 'सर्वाः': स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी. क्रियापद 'ददृशुः': अनेकवचनी. आणि 'स्वतःला' यासाठी शब्द 'आत्मानम्', एकवचनी, पुल्लिंगी. त्याचं विशेषण 'गुप्तम्'सुद्धा तसंच. नाम असतं तर वचन बदललं असतं. जो शब्द कर्त्याचं लिंग-वचन पाहत नाही आणि फक्त 'कर्त्याकडे परत जा' एवढंच सांगतो, तो व्याकरणाचं ओझं वाहू लागलेला शब्द आहे. मराठीतलं 'आपण' आजही तसंच आहे: ती आपण होऊन आली, ते आपण होऊन आले.

'आत्मनेपद' या नावातला 'आत्मने' हाच का?

हाच, चतुर्थी एकवचन. 'आत्मने' म्हणजे स्वतःसाठी, 'परस्मै' म्हणजे दुसऱ्यासाठी. समासात पहिल्या पदाची विभक्ती सहसा गळते, पण इथे टिकली आहे. अशा समासाला अलुक् म्हणतात, आणि व्याकरणाच्या या संज्ञांपुरती पाणिनीने खास सोय केली: 'वैयाकरणाख्यायां चतुर्थ्याः'.

नियम असा, की काही धातूंच्या बाबतीत क्रियेचं फळ कर्त्याला मिळत असेल तर आत्मनेपद. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति', आणि ज्याच्या पुण्यासाठी तो होतो त्याच्याबद्दल 'यजते'. या 'यजते'चं वर्तमानकालवाचक विशेषण 'यजमान'. म्हणजे घरी पाहुण्यांना जेवू घालणारा मराठी यजमान व्याकरणाने आत्मनेपदी आहे. (सगळे धातू हा अर्थभेद पाळत नाहीत. 'लभते' नेहमी आत्मनेपदीच, 'गच्छति' एरवी परस्मैपदीच. परीक्षेला बसणाऱ्यांनी हे विसरू नये.)

'आपण' आत्मन्-मधूनच आला, तर मराठीत 'आत्मा' हा शब्द वेगळा कसा उरला?

तो उरला नाही, परत आला. 'आपण' हा तद्भव: पिढ्यान्‌पिढ्या बोलून झिजलेला. 'आत्मा' हा तत्सम: ग्रंथांतून जसाच्या तसा उचललेला. उचलतानाही प्रातिपदिक न घेता प्रथमेचं एकवचन घेतलं, राजा, पिता, दाता या शब्दांसारखं. आणि मराठीत आल्यावर मराठीच्या नियमांनी वागला: आत्म्याला, आत्म्याने, अनेक आत्मे.

ज्ञानेश्वरी, शके १२१२, यासाठी उत्तम नमुना आहे. पहिल्या ओवीत 'स्वसंवेद्या आत्मरूपा', शेवटच्या पसायदानाची सुरुवात 'आतां विश्वात्मकें देवें'. ही तत्सम रूपं. आणि मधल्या ओव्यांत जागोजागी 'आपुला', 'आपणपें'. त्यातला 'आपणपें' तर 'स्वत्व', 'आत्मस्वरूप' याच अर्थाने येतो. संस्कृतात एक शब्द जी दोन कामं करत होता ती मराठीने दोन शब्दांत वाटून दिली, आणि ज्ञानेश्वरांनी गरजेप्रमाणे दोन्ही वापरले. तुकारामांच्या 'आपुलाचि वाद आपणांसी'मध्ये संस्कृताचा 'आत्मनात्मानम्' कसा दिसतो पाहा. तत्सम शब्द एकही नाही आणि रचना तीच.

'आपुला'मधला 'ल' कुठून आला? हिंदीत तर 'अपना' आहे.

प्रत्यय वेगवेगळे लागले. हेमचंद्राने प्राकृतात '-इल्ल' आणि '-उल्ल' हे प्रत्यय सांगितलेत आणि उदाहरणांत 'अप्पुल्ल' दिलंय. तोच जुन्या मराठीतला 'आपुला', आजचा 'आपला'. हिंदीचा 'अपना' आणि गुजरातीचा 'आपणुं' हे 'अप्पण-' वरून. हिंदीत 'न' आणि मराठी-गुजरातीत 'ण', हा भेद तर पाणी-पानी, कोण-कौन इथेही भेटतो.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द का? हिंदीचं 'हम' एकटं चालतं.

'आम्ही निघतो' म्हटलं की ऐकणारा मागे राहतो. 'आपण निघूया' म्हटलं की तोही चपला घालतो. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा भेद संस्कृतात नव्हता; 'वयम्' दोन्हींना पुरत असे. 'वयम्'च्याच परिवारातल्या 'अस्म-' या अंगाचं प्राकृतात 'अम्हे' झालं, आणि त्यातून मराठीचं 'आम्ही', गुजरातीचं 'अमे' आणि हिंदीचं 'हम' आलं. म्हणजे 'आम्ही' आणि 'हम' सख्खी भावंडं. फरक एवढाच, की मराठीत 'आम्ही'च्या शेजारी 'आपण' येऊन बसलं आणि दोघांनी काम वाटून घेतलं.

ही वाटणी करणाऱ्या भाषांचा पट्टा प्रामुख्याने पश्चिमेला आहे: मराठी, गुजराती (आपणे आणि अमे), राजस्थानी (आपां आणि म्हे), सिंधी, काही प्रमाणात पंजाबी. माळव्याकडच्या हिंदीत 'अपन चलें' ऐकू येतं तेही त्यातलंच. बंगालीत मात्र 'आमरा' एकच, ऐकणारा आत असो की बाहेर.

हे द्राविड भाषांकडून आलं म्हणतात. शब्द संस्कृत आणि कल्पना द्राविड, असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वात रंजक गोष्ट हीच आहे. तमिळमध्ये 'नाम्' म्हणजे आपण, 'नाङ्गळ्' म्हणजे आम्ही. तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु'. मल्याळममध्ये 'नम्मळ्' आणि 'ञङ्ङळ्'. हा भेद द्राविड कुळात जुना आहे. संस्कृताच्या आणि प्राकृताच्या कुळात नाही. म्हणून शेजारधर्माने तो मराठी-गुजरातीत आला असं बहुतेक अभ्यासक धरतात. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' असल्याचं मांडलं त्यामागचा मुद्दा असाच होता: कुळं वेगळी असली तरी शेजारी राहून भाषा एकमेकींचं व्याकरण उचलतात. संताळीतही 'आबो' (आपण) आणि 'आले' (आम्ही) असा भेद आहे, तेव्हा मुंडा कुळही या गोष्टीला परकं नाही. गंमत म्हणजे कानडीने आज हा भेद टाकून दिलाय. 'नावु' दोन्हींना चालतं. शेजारणीने घेतला आणि घरच्याने सोडला.

साम्य इथेच संपत नाही. द्राविड भाषांत 'स्वतः' यासाठी 'तान्' हे सर्वनाम आहे. त्याच्या अनेकवचनावरून तमिळचं 'ताङ्गळ्', कानडीचं 'तावु', तेलुगूचं 'तमरु', मल्याळमचं 'ताङ्कळ्' आली, आणि या सगळ्यांचा अर्थ आज आदरार्थी 'तुम्ही' असा आहे. 'आत्मन्'पासून हिंदीचं 'आप' आणि बंगालीचं 'आपनि' नेमकं याच वाटेने गेलं. माल संस्कृत, साचा सामायिक.

'स्वतः'चा अर्थ 'तुम्ही' कसा होतो?

समोरच्याला थेट 'तू' म्हणणं बोचतं, म्हणून माणसं बाजूने बोलतात. 'स्वतः यायचं झालं!' या वाक्यात कोण, ते सांगितलेलं नाही, पण समोरच्याला कळतं. आत्मवाचक शब्दाला स्वतःचा पुरुष नसतो, म्हणून तो आडोशाला फार सोयीचा.

या आडोशाच्या खुणा क्रियापदात राहिल्या आहेत. हिंदीत 'तुम हो', पण 'आप हैं', म्हणजे 'वे हैं'सारखं तृतीयपुरुषी. एखाद्या वक्त्याची ओळख करून देताना हिंदीत 'आप जाने-माने कवि हैं' म्हणतात, तेव्हा 'आप' उघडच तिसऱ्या व्यक्तीबद्दल असतं. बंगालीतही 'आपनि आछेन' आणि 'तिनि आछेन' यांचं क्रियापद एकच. मराठीने मात्र 'आपण'ला 'तुम्ही'चं क्रियापद जोडलं: आपण केव्हा आलात? मैथिलीत 'अपने' आणि ओडियात 'आपण' हेही आदरार्थीच.

देशाच्या नकाशावर पाहिलं तर पश्चिमेला हा शब्द 'आम्ही + तुम्ही' झाला आणि मध्य व पूर्व भारतात आदरार्थी 'तुम्ही'. मराठीत दोन्ही आहेत. फक्त दुसरं जरा ठेवणीतलं: निमंत्रणपत्रिका, सभा, सरकारी पत्रं. रोजच्या आदराला 'तुम्ही' पुरतं.

शाळेत 'आपण' पुरुषवाचकही शिकवतात आणि आत्मवाचकही. ओळखायचं कसं?

शालेय पुस्तकातला नियम बऱ्यापैकी चालतो: आत्मवाचक 'आपण' वाक्याच्या सुरुवातीला येत नाही आणि दोन्ही वचनांत वापरता येतो, पुरुषवाचक 'आपण' फक्त अनेकवचनी. 'आपण सगळे जाऊ', 'आपण बसावं' ही पुरुषवाचक. 'तो आपण होऊन आला' हे आत्मवाचक.

पण एका ठिकाणी हा नियम तोंडघशी पडतो, आणि ते ठिकाण रोज वर्तमानपत्रात भेटतं. 'आपण निवडणूक लढवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं.' इथे 'आपण' वाक्याच्या आरंभी आहे आणि तरी ते आत्मवाचक आहे: ज्याने स्पष्ट केलं तोच. दुसऱ्याचं बोलणं सांगताना बोलणाऱ्याकडे बोट दाखवणारं सर्वनाम, हे काम 'आपण' फार सफाईने करतं. कोकणीतलं 'आपूण' तर बरंचसं याच कामाला वाहिलेलं आहे.

इथेच 'आपण' आणि 'स्वतः' यांचा फरक कळतो. 'राम म्हणाला, की श्यामने स्वतःला दोष दिला': दोष श्यामला. 'राम म्हणाला, की श्यामने आपल्याला दोष दिला': दोष रामाला, किंवा संदर्भ तसा असेल तर तुम्हाआम्हाला. 'स्वतः' जवळचा कर्ता शोधतो. 'आपण' उंबरा ओलांडून बाहेरच्या वाक्यातल्या कर्त्यापर्यंत जातो. करार, अर्ज, जबाब लिहिताना म्हणून 'आपला' जपून वापरावा. 'त्याने भावाला आपल्या घरी नेलं' यात घर कुणाचं, यावर भांडण होऊ शकतं.

'मी आपला गप्प बसलो' यात 'आपला' म्हणजे काय? माझा?

माझाही नाही नि तुमचाही नाही. इथे 'आपला' मालकी सोडून मनःस्थिती सांगतो: उगाच भानगडीत न पडता, बिचारा, नुसता. लिंगवचन मात्र पाळतो: ती आपली हसत राहिली, ते आपले निघून गेले. 'सहज आपलं विचारलं' यात तो प्रश्नाची धार बोथट करतो. 'सोमवारी, आपलं, मंगळवारी या' यात चूक दुरुस्त करतो. 'आपण नाही बुवा कुणाला घाबरत!' यात 'आपण' म्हणजे चक्क 'मी', मिशीला पीळ देऊन. हिंदी भाषकाला मराठी शिकवताना 'अपना' आणि 'आपला' सारखेच असं सांगून मोकळं होऊ नये. या छटा मराठीच्या खास आहेत आणि कोशात एका ओळीत मावत नाहीत.

'आत्मा' मराठीत पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी का?

संस्कृतात पुल्लिंगी, मराठी आणि गुजरातीने तेच ठेवलं. हिंदीत आशा, भाषा, इच्छा, प्रार्थना अशा आकारान्त तत्सम भाववाचक शब्दांचा मोठा गट स्त्रीलिंगी आहे. 'आत्मा' त्यांच्या ओढीने तिकडे गेला. 'मेरी आत्मा', पण 'परमात्मा' आणि 'महात्मा' पुल्लिंगीच राहिले, कारण ते कुणाचं तरी नाव किंवा बिरुद. पंजाबीतही स्त्रीलिंगी. बंगालीत व्याकरणिक लिंगच नाही, त्यामुळे प्रश्न मिटला. कानडीत 'आत्म' नपुंसकलिंगी. मल्याळममध्ये तो 'आत्मावु' असा शेपटी लावून येतो आणि तमिळमध्ये 'आत्मा'बरोबर 'आन्मा' असंही रूप आहे.

लिहिताना नेहमी चुका होतात असे शब्द कोणते?

'माहात्म्य'. सुरुवातीला 'मा'. 'महात्मन्'ला भाववाचक प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ' होतो. 'महात्म्य' हे रूप पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरसुद्धा दिसतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

'आध्यात्मिक', 'अध्यात्मिक' नव्हे; कारण तेच. पण मूळ शब्द 'अध्यात्म', ऱ्हस्व 'अ'चा, आणि नपुंसकलिंगी.

समासात पहिलं पद 'आत्म': आत्मविश्वास, आत्मचरित्र, आत्मपरीक्षण. शेवटचं पद असेल तर 'आत्मा': महात्मा, दुरात्मा. रचनात्मक, भावनात्मक, विश्वात्मक यांतला '-आत्मक' हाही हाच शब्द. 'ज्याचा आत्मा अमुक आहे तो'. मुलासाठी 'आत्मज' आणि मुलीसाठी 'आत्मजा' हे जुने शब्द आता मुख्यतः नावांत उरलेत. संबोधन संस्कृत थाटात हवं असेल तर 'हे महात्मन्'.

या कुटुंबातले वाटतात, पण नाहीत, असे शब्द?

'आप्त' हा 'आप्' (पोचणे, मिळवणे) धातूचा; 'आपला माणूस' या अर्थाशी जुळतो तो योगायोगाने. 'आपत्ती' आणि 'आपदा' या 'आ + पद्' मधून. माणसाला म्हणतात ते 'अप्पा' किंवा 'आप्पा' हे बापाला उद्देशून असलेल्या द्राविड शब्दाकडून आलं. जैन ग्रंथातल्या 'अप्पा'शी संबंध नाही. आणि सर्वात फसवा शब्द: संस्कृत 'आपण'. तो 'पण्' म्हणजे व्यवहार करणे या धातूचा, आणि त्याचा अर्थ दुकान, बाजारपेठ. संस्कृत काव्यात 'आपण' दिसला आणि तुम्ही 'आम्ही-तुम्ही' समजलात, तर श्लोकाचा अर्थ लागणार नाही.

उलट 'आपखुशी' आणि 'आपमतलबी' खरोखर याच घरातले आहेत, अर्धे. दुसरं पद फारसी-अरबीतून आलेलं, पहिलं 'आत्मन्'चं.

मुंबईच्या हिंदीतलं 'अपुन'?

तेही 'आत्मन्'च. अर्थ मात्र बहुतेक वेळा एकट्या 'मी'चा, 'आपण नाही बुवा घाबरत' मधल्यासारखा. आणि क्रियापदाचा पुरुष कोणता लावायचा ते बोलणारा ऐनवेळी ठरवतो.